घसारा, ग्रीस आणि एक जेट बोट



गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या मामांचं नल्लकुंट्यातलं घर बिल्डरच्या ताब्यात गेलं. मामा-मामी दोघंही आता नाहीत, मामेभाऊ अमेरिकेत. तेव्हा सामान आवरायला मी, म्हणजे पंचाहत्तरीचा भाचा. माळ्यावरून पितळेची भांडी निघाली, जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा निघाला आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली एक ग्रीस गन निघाली. मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर होता. म्हणाला, "दादा, ते भंगारात टाक." मी नाही टाकली. का नाही टाकली, ते सांगायला हा लेख. लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळं आणि 'कुंटा' म्हणजे तळं. आज नल्लकुंट्यात तळं शोधून सापडणार नाही. शंकरमठ आहे, भाजी मार्केट आहे, फीव्हर हॉस्पिटल आहे. हुसेनसागराचं जादा पाणी मूसीकडे नेणारा नाला मात्र अजून आपल्या बाजूनेच वाहतो. अशा या पाणी हरवलेल्या वस्तीत बोटीची गोष्ट कशी आली, असं कोणी विचारेल. ती आली मामांमुळे.

मामा मुशीराबादच्या बस वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक खातं सुरू केलं, त्याचीच पुढे आंध्र प्रदेशची एस.टी. झाली. मामा तिथे पोरवयात शिकाऊ म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. अल्बियन गाड्यांवर हात काळे केलेला माणूस. घरी बोलताना मराठी, कामगारांशी दखनी आणि रुळलेल्या गाडीशी तेलुगू, असं आम्ही चेष्टेने म्हणत असू.

आता १९७७ साल आठवा. आणीबाणी उठली होती, दिल्लीत सरकार बदललं होतं. त्या पावसाळ्यात पेपरात बातमी आली की एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी गंगासागराहून बोटीने निघालेत आणि गंगेच्या प्रवाहाविरुद्ध थेट हिमालयापर्यंत जाणार आहेत. तीन बोटी होत्या. 'गंगा', 'एअर इंडिया' आणि 'किवी' ही त्यांची नावं. बरोबर हिलरींचा मुलगा पीटर, आपले कॅप्टन मोहनसिंग कोहली, म्हणजे १९६५ च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते, आणि पत्रकार बी. जी. वर्गीज. घाटाघाटांवर माणसं लोटत होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बँकेत नवा. मामांकडे रविवारी जेवायला गेलो की हाच विषय. आम्ही सगळे हिलरींबद्दल बोलायचो. मामा एकच विचारायचे, "ते ठीक आहे रे. पण रोज संध्याकाळी बोट काठाला लागली की तिच्या पोटाखाली हात घालणारा कोण?"

आम्ही हसायचो. उत्तर मला पुष्कळ वर्षांनी वाचताना सापडलं, पण ते समजायला आधी ही बोट काय चीज आहे ते सांगायला हवं.

साध्या मोटारबोटीला मागे पाण्यात पंखा असतो. खोल पाण्यात उत्तम. उथळ नदीत तो दगडाला लागला की पाती मोडतात आणि बोट अडकते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर विल्यम हॅमिल्टन नावाचे गृहस्थ राहत. जन्म १८९९ चा. शेतकरी, पण घरचंच वर्कशॉप. त्यांच्या आजूबाजूच्या नद्या रुंद, गोट्यांनी भरलेल्या, कुठे कुठे घोट्याएवढ्या पाण्याच्या. अशा नदीत वरच्या दिशेने जायचं तर पाण्यात लोंबणारा पंखाच नको, असं त्यांनी ठरवलं आणि १९५० नंतरच्या दशकात बोटीच्या पोटात पंप बसवला.

पंपच, दुसरं काही नाही. ज्यांनी गावाकडे विहिरीवरचा किर्लोस्करचा पंप पाहिला असेल त्यांना चटकन कळेल. बोटीच्या तळाला जाळी असते. तिच्यातून पाणी आत ओढलं जातं. इंजिनापासून निघालेला शाफ्ट आत एक पंखा फिरवतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाण्याला रेटा देतो. मागची स्थिर पाती पाण्याचा पीळ काढून त्याला सरळ करतात आणि निमुळत्या तोंडातून ते जोराने मागे फेकलं जातं. पाणी मागे, बोट पुढे. वळायचं तर धारेचं तोंड वळवायचं, मागे जायचं तर धारेपुढे एक झाकण पाडून तिला पुढच्या दिशेला परतवायचं. खाली लोंबणारं काही नाही, सुकाणू नाही. हॅमिल्टननी सुरुवातीला धार पाण्याखाली सोडून पाहिली. मग ती पाण्याच्या पातळीच्या वर आणली, तेव्हा बोट खरी पळायला लागली.

१९६० साली या बोटी अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९६८ साली हिलरींनी नेपाळच्या सुनकोसी नदीवर त्या नेल्या. आणि १९७७ ला गंगेवर. पुढे अलकनंदेला वळून त्या नंदप्रयागपर्यंत चढल्या. तिथे धबधबा आडवा आला आणि बोटी थांबल्या. मंडळी पायी बदरीनाथकडे गेली. वर उंचीवर हिलरी गंभीर आजारी पडले, त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. पुढे १९८५ ते १९८९ ते दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते, हेही अनेकांना आठवत असेल.

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर. त्या मोहिमेत बोटी चालवणाऱ्यांत जॉन हॅमिल्टन होते, विल्यम हॅमिल्टन यांचे चिरंजीव. १९६० ला ग्रँड कॅन्यन चढलेलेही हेच. त्यांचा मुलगा मायकेलही गंगेवर बरोबर होता. म्हणजे ज्या घराने बोट घडवली त्याच घरची दोन माणसं बोटीत बसलेली होती. पावसाळ्यातली गंगा गाळाने भरलेली असते आणि पाण्यातला गाळ म्हणजे यंत्राला बारीक सँडपेपर. हिलरींचं नाव साऱ्या जगाला ठाऊक, पण त्या तीन बोटी गंगासागरापासून नंदप्रयागपर्यंत चढल्या त्यात या हॅमिल्टन बाप-लेकांचाही वाटा मोठा.

हे सगळं १९७७ साली मला माहीत असतं तर पुढचं घडलं नसतं, असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेऊ शकतो. पण तसं नाही. पुढचं माझ्या स्वभावामुळे घडलं.

१ डिसेंबर १९९२ ला हुसेनसागरात बुद्धाची मूर्ती उभी राहिली. मार्च १९९० मध्ये ती तराफ्यासकट बुडाली, माणसं गेली आणि मूर्ती पावणेतीन वर्षं तळाशी पडून होती, ते तुम्हाला आठवतच असेल. मूर्ती उभी राहिल्यावर लोक बोटीत बसायला रांगा लावू लागले. एकदम सगळ्यांना बोटिंगचं वेड लागलं. आसपासच्या तळ्यांवरही बोटी आल्या. १९९४ मध्ये माझ्याकडे कर्जाचं टेबल होतं. रामनगरचा एक तरुण आला. नाव लिहीत नाही. आखातात एका बोटीच्या धक्क्यावर सहा वर्षं काम करून परतला होता. शहराबाहेरच्या एका तळ्यावर बोट फिरवण्याचा ठेका त्याला मिळाला होता आणि तिथल्याच मालकाकडून जुनी जेट बोट स्वस्तात मिळत होती.

प्रोजेक्ट रिपोर्ट त्याने स्वतः लिहिला होता, टाईप केलेला, चुकांसकट. त्यात एक ओळ होती : 'दर ५० तासांनी शाफ्ट व इम्पेलर तपासणी, वंगण, वर्षाला १२,००० रुपये.' आणि तिच्या खाली : 'जादा इम्पेलर व रिंग, एक नग.'

मी बी.कॉम. माणूस. घसारा दोन पद्धतींनी काढता येतो, सरळ रेषेने आणि ऱ्हासमान शेषावर, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. खर्च फुगलेला दिसला की लाल पेन उघडायचं हा आमचा धर्म. मी दोन्ही ओळींवर रेघ मारली आणि त्याला म्हणालो, "हे घसाऱ्यात धरलेलं आहे. दोनदा कशाला लिहिता?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साब, घसारा किताब में रहता. ग्रीस शाफ्ट कू लगता."

मला वाक्य गमतीचं वाटलं. स्टाफला सांगून हसलोही. कर्ज चार लाखांचं मंजूर झालं, त्या दोन ओळी वगळून.

पहिला हंगाम चांगला गेला. हप्ते वेळेवर. दुसऱ्या उन्हाळ्यात तळं आटलं, बोट वाळू ओढू लागली. भाद्रपदात गणपती झाले. त्यानंतर बोट हळूहळू दमायला लागली. इंजिन ओरडायचं, बोट सरकायची नाही. त्याने तपासणीला पैसे काढले नाहीत, कारण काढायला पैसे नव्हते. हप्ता आधी, ग्रीस नंतर, असं ते झालं. डिसेंबरच्या एका संध्याकाळी तळ्याच्या मधोमध बोटीत माणसं असताना खडखडाट होऊन सगळं बंद पडलं. अंधारात वल्ह्याच्या होडीने ओढून आणावं लागलं. देवाच्या दयेने कोणाला काही झालं नाही. पण बोटीत एक बाळंतीण होती, आणि तिची सासू काठावर उतरल्यावर त्या तरुणाला काय काय बोलली ते त्याने मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. ठेका गेला. हप्ते थांबले.

वसुलीसाठी बोटीची किंमत काढायची होती. मूल्यांकन करणारा कोणी बोटवाला सापडेना, म्हणून मी मामांना स्कूटरवर घालून नेलं. त्यांना तेव्हा सत्तर गाठायला आली होती. म्हणाले, "बोट मी उघडलेली नाही. पण शाफ्ट म्हणजे शाफ्ट."

बोट चिंचेच्या झाडाखाली ट्रेलरवर उभी होती. मामांनी काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण त्या दोन तासांत मी जे शिकलो ते बँकेच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकलो नव्हतो.

पहिलं काम, त्यांनी बॅटरीची तार काढली आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "हात आत असताना कोणा शहाण्याने किल्ली फिरवली तर हात गेला." मग बोटीखाली आडवे होऊन जाळीतून बॅटरीचा झोत टाकला. शाफ्टभोवती काय गुंडाळलं होतं म्हणता? सुतळी, नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जरीचा गुलाबी कपडा. गणपतीच्या गळ्यातला. नायलॉन घर्षणाने वितळून काचेसारखं कडक झालेलं. मामांनी ते चाकूने कापून कापून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी काही बोललो नाही. आम्हीही घरचा गणपती वस्त्र-माळांसकटच पाण्यात सोडत होतो की.

मग त्यांनी शाफ्ट हाताने फिरवला. तो कसा फिरायला हवा, तर लोण्यातून सुरी जावी तसा. इथे खर्रर्र असा आवाज. इंजिन आणि जेटच्या मध्ये जो शाफ्ट असतो त्याला दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट असतात, बसच्या प्रॉपेलर शाफ्टला असतात अगदी तसेच. मामांनी दोन्ही बाजू दोन हातांत धरून उलट-सुलट पीळ दिला. खटखट वाजलं. कडेला लाल भुकटी होती. "ही बघ. जॉइंट कोरडा पडला की गंजाची अशी भुकटी निघते. बस असो की बोट, निशाणी एकच."

त्यानंतर थ्रस्ट बेअरिंग. हे नीट समजून घ्या. इम्पेलर पाण्याला मागे ढकलतो, तेव्हा पाणी त्याला तेवढ्याच जोराने पुढे ढकलतं. तो सगळा रेटा, म्हणजे आख्खी बोट आणि तिच्यातली माणसं पुढे नेणारा जोर, एका बेअरिंगवर येतो. तिथलं सील गेलं की पाणी आत शिरतं. मामांनी झाकण उघडून बोट घातलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं, त्यात स्टीलचा चुरा. "हे वंगण नाही, पाणी मिसळलेली खीर आहे ही."

शेवटी इम्पेलर. त्याची पुढची धार बोटाने चाचपली. जिथे धार हवी तिथे गोटे लागून खाचा पडलेल्या, कडा गोल झालेल्या. इम्पेलर ज्या कड्यात फिरतो त्या रिंगमध्ये आणि पात्यांच्या टोकांमध्ये फट किती असावी, तर पासबुकाच्या पुठ्ठ्याएवढी. मामांनी आगपेटीतली काडी घातली, ती सहज आत गेली. फट वाढली की दाबलेलं पाणी तिच्यातूनच मागे निसटतं. इंजिन जीव तोडून फिरतं, पेट्रोल पितं, आणि बोट जागच्या जागी. मला एकदम आमच्या काही शाखा आठवल्या, पण ते असो.

तो तरुण शेजारी उभा होता. मामांनी त्याला विचारलं, "बेटा, काम तो मालूम है तेरे कू. फिर ग्रीस कायकू नहीं मारा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "हिसाब में बैठा नहीं, नाना."

मीही गप्प राहिलो. मंडळी, सांगायचं ते हेच आहे. तिथे एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मी बोललो नाही. रेघ माझी होती. तो सांगू शकत होता, त्याने सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. तो कर्जदार होता आणि मी अधिकारी, एवढंच त्याचं कारण.

परतताना विद्यानगरच्या पुलाजवळ मामा मागच्या सीटवरून म्हणाले, "हिशोबात बसलं नाही म्हणतो. हिशोब कोणी लिहिला रे?" मी म्हटलं, "बँकेने." त्यावर ते घरापर्यंत काही बोलले नाहीत. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यापासून निवृत्त माणूस कामाला लागला. आझमाबादच्या एका लेथवाल्याकडून रिंग तयार करून घेतली, इम्पेलरच्या पात्यांवर वेल्डिंगने भर घालून त्या पुन्हा घासून घेतल्या, नवं बेअरिंग, नवं सील. खर्च झाला ६८,००० रुपये. ज्या १२,००० वर मी रेघ मारली होती त्यांचे हे सख्खे भाऊ. कर्जाची फेररचना मी वरच्या ऑफिसात भांडून करून घेतली. ते प्रायश्चित्त होतं असं आज म्हणतो. तेव्हा फाईलवर 'प्रकल्प सक्षम आहे' असं लिहिलं होतं.

मामांनी आपली ग्रीस गन त्याला दिली आणि शिकवणीही दिली. आधी निपल फडक्याने पूस, नाहीतर ग्रीसबरोबर धूळही आत ढकलशील. पाण्यात टिकणारं ग्रीसच वापर. दोन-चार दाब पुरे, ताजं ग्रीस डोकावलं की थांब. जास्त दाबलंस तर सील फुटेल. आणि मागच्या टोकाचं रबरी बेअरिंग पाण्यावरच चालतं, त्याला ग्रीस अजिबात नको, फक्त बोट कोरड्यावर चालवायची नाही. "सगळ्या पानांत तूप वाढायचं नसतं," मामा म्हणाले. तो हसला. मराठी कळत नव्हतं त्याला, पण कळलं.

दुसऱ्या तळ्यावर त्याने ती बोट आणखी चार-पाच वर्षं चालवली. २००१ मध्ये कर्ज व्याजासकट फिटलं. २००३ ला मामा गेले. तेराव्याला तो आला आणि ग्रीस गन पुसून, कागदात गुंडाळून मामींच्या हातात दिली. ती मामींनी माळ्यावर ठेवली असणार. मला माहीत नव्हतं.

आम्ही कॉमर्सवाले घसारा हा शब्द रोज वापरतो, पण तो 'घासणे'वरून आलाय हे विसरतो. वहीत घसारा लिहिला म्हणजे झीज फक्त मोजली जाते. ती थांबत नाही. थांबवायची तर कोणाला तरी बोटीखाली आडवं व्हावं लागतं, आणि त्याचे १२,००० रुपये धरावे लागतात. आज आपल्या तटरक्षक दलाच्या वेगवान बोटींनाही अशीच वॉटरजेट असतात. त्यांच्या पोटाखाली हात घालणाऱ्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत.

ग्रीस गन मी घरी आणली. त्या तरुणाचा, आता साठीकडे झुकलेल्या गृहस्थाचा नंबर शोधून फोन केला. तीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. लाल रेघ मी मारली होती आणि मामांसमोर मी गप्प बसलो, हे चुकलं, असं सरळ सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "नाना कू मालूम था, साब. मेरे कू पूछे थे बाद में. मैं बोला, साब ने अपना काम करा." आणि लगेच, "वो गन अभी बी चलती क्या?"

मी दांडा दाबून पाहिला. दोन दाबांत काही नाही. तिसऱ्याला तोंडाशी ग्रीसचा थेंब आला. चालते, म्हणालो. पुढच्या रविवारी तो न्यायला येतोय.

मुशीराबाद वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांच्या घरातले कोणी या समूहात असतील तर जरूर लिहा. जुने फोटो असतील तर टाका. मामांचा एकही फोटो कामाच्या कपड्यांत नाही आमच्याकडे.